मालवणची पुळण आणि मालवणचे ताट



पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानांचा पायंडा पाडला, आणि तेव्हापासून गावोगावच्या अशा सभांतून अर्थकारण, समाजसुधारणा, शिक्षण, वाङ्मय असे भारदस्त विषय चर्चिले गेले. त्या रांगेत आज आम्ही समुद्रकिनारा आणि जेवणखाण हा विषय घेऊन उभे आहोत. तो जरा हलका आहे असे कोणास वाटले तर आम्ही त्यास दोष देणार नाही. परंतु ज्या गोष्टीवर हजारो कुटुंबांची चूल पेटते, ती गोष्ट कानास हलकी लागली तरी वजनाला हलकी नसते, एवढेच आरंभी सांगून ठेवतो.

दुसरेही एक कारण आहे. परीक्षा संपल्या, सुट्ट्या लागल्या. समोर बसलेल्या मंडळींपैकी पाचपंचवीस कुटुंबे तरी येत्या पंधरवड्यात कोकणची वाट धरतील. कोकण रेल्वे १९९८ साली सुरू झाली आणि चिपीचा विमानतळ २०२१ साली. त्यामुळे जेथे पूर्वी बोटीने नाहीतर रात्रभर एस्. टी. च्या गाडीने जावे लागे, तेथे आता माणूस सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचू शकतो. निघण्यापूर्वी लोक एकमेकांस दोन प्रश्न विचारतात. किनारा कोणता चांगला? आणि मासे कुठे चांगले मिळतात? आज या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आम्ही यथाशक्ती देणार आहोत. मात्र ती देता देता आपल्याला हेही दाखवायचे आहे की, हे प्रश्न दोन नाहीतच. तो एकच प्रश्न आहे.

प्रथम भूगोल. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला, आणि १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्याच्या आठ तालुक्यांपैकी देवगड, मालवण आणि वेंगुर्ले हे तीनच तालुके समुद्राला लागून आहेत. उत्तरेस विजयदुर्गच्या खाडीपासून दक्षिणेस तेरेखोलच्या खाडीपर्यंत हा किनारा सुमारे १२१ किलोमीटर भरतो. मात्र एवढी सगळी एकसंध वाळू आहे असे कोणी समजू नये. जांभ्या दगडाचे सडे थेट समुद्रापर्यंत पुढे आलेले आहेत आणि त्यांचे कडे लाटांत उतरतात. अशा दोन कड्यांच्या मध्ये, नाहीतर एखाद्या खाडीच्या मुखाशी, वाळूची एक कमान बसलेली असते. तिला तिकडे पुळण म्हणतात. एका पुळणीवरून दुसरीवर जायचे तर घाटी चढावी लागते किंवा तर पार करावी लागते. म्हणून प्रत्येक पुळणीला स्वतःचे गाव आहे, स्वतःचा देव आहे आणि स्वतःचा स्वभाव आहे.

उत्तरेकडून निघालो तर देवगडच्या खाली कुणकेश्वर लागते. शंकराचे देऊळ अगदी वाळूच्या काठाशी. महाशिवरात्रीच्या जत्रेला तेथे माणसांचीच भरती येते. त्याच्या दक्षिणेस मिठबाव आणि तांबळडेग. तांबळडेगच्या वाळूत हिवाळ्यात समुद्री कासवे अंडी घालावयास येतात. पुढे आचरा, आणि मग तोंडवळी-तळाशीलची अरुंद पट्टी, जिच्या एका हाताला समुद्र तर दुसऱ्या हाताला खाडी. मालवण शहराला लागून चिवल्याची वेळ आहे. वेळ म्हणजे घड्याळातली नव्हे. समुद्रकिनाऱ्याला तिकडे वेळ असाही शब्द आहे. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. १६६४ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या बांधकामास आरंभ केला. चहूंकडे खारे पाणी असून आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे, ही त्या बेटाची नवलाई.

मालवणच्या दक्षिणेस तारकर्ली आणि देवबाग. पाण्याखाली उतरून प्रवाळ व मासे पाहण्याची सोय या भागात झाली आणि हिचे नाव देशभर झाले. देवबागला कर्ली नदी समुद्रास मिळते, आणि नदी व समुद्र यांच्या बेचक्यात माडांचे एक लांबट गाव वसले आहे. पलीकडच्या तीरावर भोगवे, मग निवती, खवणे, वायंगणी. वेंगुर्ले हे जुने बंदर. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली होती. त्याच्या दक्षिणेस सागरेश्वर, मोचेमाड, आरवली आणि शिरोडे. शिरोड्याचे वेळागर म्हणजे सुरूच्या बनाची लांब पुळण. याच शिरोड्याच्या मिठागरांवर मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, आणि याच गावच्या शाळेत वि. स. खांडेकर कित्येक वर्षे शिक्षक होते. शेवटी रेडी आणि तेरेखोलची खाडी, जिच्या पलीकडे गोवा.

यांपैकी चांगली कोणती? आमचे उत्तर असे की, ज्याला गर्दी आणि खेळ हवेत त्याने तारकर्लीला जावे. ज्याला एकांत हवा त्याने निवती, खवणे, मोचेमाड अशा ठिकाणी जावे. ज्याला देवदर्शन आणि समुद्र एकत्र हवे त्याने कुणकेश्वर गाठावे. परंतु ज्याला मालवण कळावयास हवे, त्याने कोणत्याही पुळणीवर सकाळी लवकर जाऊन उभे राहावे आणि रापण लागली असेल तर ती ओढून संपेपर्यंत तेथून हलू नये.

रापण म्हणजे काय हे थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण आमच्या विषयाचा कणा तोच आहे. रापण हे एक फार लांब जाळे. त्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर माणसांच्या हाती राहतो. उरलेले जाळे होडीत घालून ती होडी समुद्रात जाते, अर्धवर्तुळाकार फेरा घेत जाळे सोडीत जाते, आणि दुसरे टोक घेऊन बऱ्याच अंतरावर पुन्हा किनाऱ्यास लागते. मग दोन्ही टोकांना डझनावारी माणसे उभी राहतात आणि दोर ओढू लागतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ सरकतात, आणि अखेरीस जाळ्याचा खोळ वाळूवर येतो. या कामाला इंजिन लागत नाही, तेल लागत नाही. लागते ते समुद्राची नाडी ओळखणारे एक अनुभवी माणूस, पुष्कळ हात, आणि मोकळी वाळू. ही तिसरी गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. दोन्ही रांगांना सरकण्यासाठी, होड्या ओढून ठेवण्यासाठी, जाळी पसरून वाळविण्यासाठी सबंध पुळण मोकळी लागते.

खोळ उघडला की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या हातांचा वाटा. सहज येऊन दोराला हात लावणाराही रिकामा जात नाही. त्याच्या हाती कालवणापुरते मासे पडतात. तेथेच मासळी विकत घेणाऱ्या बायका पाट्या घेऊन बसलेल्या असतात. त्यांची घासाघीस तिथल्या तिथे होते आणि तासाभरात ते मासे गावात दारोदार पोहोचतात. पुळण ही अशी एकाच वेळी शेत आहे, खळे आहे आणि बाजारही आहे. शहरातून आलेल्या आपल्याला ती रिकामी दिसते, कारण आपण काम उरकल्यानंतर, उन्हे कलल्यावर तेथे फिरावयास जातो. देशावरचे उन्हाळ्यातले शेतही रिकामेच दिसते. म्हणून कोणी त्याला पडीक म्हणत नाही.

आता ताटाकडे वळू. आपल्याला शहरात तीनच मासे ठाऊक: पापलेट, सुरमई आणि कोळंबी. तिकडे त्यांची नावे सरंगा, इसवण आणि सुंगटे. हे मासे चांगलेच आहेत, त्यांची निंदा आम्ही करीत नाही. परंतु रापणीत बहुधा येतात ते बांगडे, तारले, पेडवे, सौंदाळे, आणि किनाऱ्याजवळ थव्याने फिरणारी अशीच सामान्य मासळी. मालवणी स्वयंपाकाचे सगळे शहाणपण या सामान्य मासळीवर खर्च झालेले आहे. बांगडा आणि तारला हे तेलकट मासे. तेलकट मासा लवकर बिघडतो. बर्फाशिवाय तो दूर नेता येत नाही. म्हणून तो किनाऱ्याजवळच, त्याच दिवशी खाल्ला जातो. त्याचा उग्र वास मोडण्यासाठी त्यात तिरफळ घालतात. हे तिरफळ चिनी स्वयंपाकातल्या सेच्वान मिऱ्याचे अगदी जवळचे नातलग आहे. चावले तर जीभ बधिर होते, म्हणून ते ठेचून घालावे आणि खाताना बाजूला काढावे. आंबटपणाला कोकमाची सोले, घट्टपणाला नारळाचे वाटप, रंगाला आणि तिखटाला लाल मिरची. की झाले बांगड्याचे तिखले. शेजारी उकड्या तांदळाचा भात, आणि शेवटी सोलकढी. यातला मसाला सोडला तर माड, कोकम, तिरफळ, भात आणि मासा हे सगळे एका मैलाच्या आतले असते. भौगोलिक दृष्ट्या एवढे आटोपशीर ताट महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल.

खाडीचा वाटा वेगळाच. ओहोटीच्या वेळी बायका खाडीत उतरून तिसऱ्या वेचतात. त्यांचे सुके करतात किंवा एकशिपी करतात. खडकावरची कालवे फोडून काढतात. खेकड्यांना कुर्ल्या म्हणतात आणि त्यांचे कालवण झणझणीत करतात. मासळी नसेल त्या दिवसांसाठी सुके बांगडे आणि सुकी सुंगटे. भाजलेल्या सुक्या सुंगटांत ओले खोबरे आणि कांदा घालून केलेले किसमूर तर पेजेबरोबर खावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मालवणी माणूस रोज मासे खातो असे आपण धरून चालतो. वस्तुतः सोमवार पाळणारी, श्रावण पाळणारी, देवीचा वार पाळणारी घरे तेथे रग्गड आहेत, आणि गणेशचतुर्थीच्या दिवसांत तर मासळीचे नाव निघत नाही. त्या दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, अळू, तांदळाच्या शेवयांचे शिरवाळे आणि नारळाचा गोड रस असे पदार्थ होतात. श्रावणी सोमवारी घरगुती खानावळीत जाऊन इसवणाची तुकडी मागणारा पाहुणा पैसे देतो खरा, पण त्या घराची पंचाईत करतो.

ताटाला ऋतूही असतात. जून आणि जुलै या दोन महिन्यांत, माशांच्या विणीच्या काळात, यांत्रिक नौकांच्या मासेमारीस पश्चिम किनाऱ्यावर बंदी असते. तेव्हा समुद्र खवळलेला, होड्या शाकारलेल्या; ताटात सुकी मासळी, खाडीतले मासे आणि पहिल्या पावसात नदीला चढणारे मासे. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर वाजतगाजत जाऊन समुद्राला नारळ अर्पण करतात, आणि मग खऱ्या अर्थाने नवे वर्ष सुरू होते. पावसाळा ओसरल्यावर आणि थंडीत किनाऱ्याजवळची मासळी विपुल. वैशाखात आंबा आणि फणस. आपण शहरवासी नेमके मे महिन्यात लोटतो, आणि आंब्याच्या हंगामात सरंग्याचा आग्रह धरतो! तो आग्रह पुरविला जातो. पण पुष्कळदा बर्फात घालून दूरच्या बंदरातून आणलेल्या माशाने. आपण समुद्राकाठी बसून परगावचा मासा खातो आणि ताजा म्हणून वाखाणतो, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

आता खाण्याच्या जागा. खानावळ ही संस्था मूळची घर सोडलेल्या माणसाची. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून गेलेले एकटे पुरुष दहा-दहा, वीस-वीस जण एका खोलीत राहत, आणि त्यांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घालणाऱ्या बायका आपल्या चुलीवर खानावळी चालवीत. या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, हे आपल्यापैकी जाणत्यांना स्मरत असेल. मालवणी जेवणाचा लौकिक महाराष्ट्रभर पसरला तो बराचसा मुंबईहून. खुद्द मालवणात पैसे देऊन जेवणाराची संख्या ती किती? कोर्टकचेरीला आलेला पक्षकार, उतारू, खलाशी. बाकी ज्याचे त्याचे घर होते. गिरण्या गेल्या, रेल्वे आली, पाहुणे आले. आणि जी बाई मुंबईच्या खोलीत परक्यांना जेवू घालीत होती तिच्याच माहेरच्या ओटीवर आता परके येऊन जेवू लागले. पोटासाठी कोकणी माणूस शंभर वर्षे मुंबईला जात होता. आता मुंबई जेवायला त्याच्या दारी येते.

आज या किनाऱ्यावर खाण्याच्या जागा स्थूलमानाने तीन प्रकारच्या आहेत. पहिली बाजारपेठेतली खानावळ. मालवण, वेंगुर्ले, देवगड, कुडाळ येथे त्या पुष्कळ आहेत. येथे ताट ठरलेले, वाढप झपाट्याचे, आणि दुपारी दोननंतर जाणाऱ्याला बहुधा उरलेल्यावर समाधान मानावे लागते. दुसरे घरगुती निवास आणि न्याहारी. तारकर्ली, देवबाग, भोगवे या भागांत माडाच्या बागांतून ही घरे आहेत. सकाळी घावणे-चटणी किंवा आंबोळी, दुपारी-रात्री सांगाल ते. येथे आधी सांगणे महत्त्वाचे, कारण बाई माणसे मोजून मासळी घेते. तिसरी मोठी उपाहारगृहे, जेथे शंभर पदार्थांची यादी असते आणि त्यांत मालवणी पदार्थ दहा. आमचे मत विचाराल तर दुसऱ्या प्रकारास पहिली पसंती द्यावी. आणि तेथे गेल्यावर पदार्थांची यादी मागण्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: आज काय मिळाले? या प्रश्नाने घरातली बाई खूश होते, कारण तिला खोटे बोलावे लागत नाही.

येथवर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे झाली. आता जे सांगण्यासाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो ते सांगतो.

पुळण आणि ताट यांचे हे जे नाते आपण पाहिले, त्यास दोन बाजूंनी ओढ बसते आहे. पहिली ओढ समुद्राच्या बाजूने. किनाऱ्याजवळ येणारे माशांचे थवे मोठ्या यांत्रिक नौका बाहेरच्या बाहेर उचलतात. गोव्यात १९७० नंतरच्या दशकात याच कारणाने रांपणकारांचे मोठे आंदोलन झाले; १९८० साली गोव्याने आणि १९८१ साली महाराष्ट्राने सागरी मासेमारीचे नियमन करणारे कायदे केले. पुढे पर्ससीन जाळी आली, जी सबंध थव्याला वेढून खालून आवळते. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली या जाळ्यांवर कडक मर्यादा घातल्या, आणि प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी या नियमांसाठी पुष्कळ झगडा केला आहे आणि ते पाळले जावेत म्हणून अजूनही करीत आहेत. नियम कागदावर आहेत. पण ज्याला शहरात बारमाही गिऱ्हाईक मिळते तो नियम मोडावयास धजतो. ते गिऱ्हाईक कोण? या सभागृहातले तुम्ही आणि आम्ही.

दुसरी ओढ जमिनीच्या बाजूने. किनाऱ्यावरील बांधकामाचे नियमन करणारी केंद्राची पहिली अधिसूचना १९९१ सालची. ती २०११ साली आणि पुन्हा २०१९ साली बदलली. २०१९ च्या अधिसूचनेने पुळणीवर पर्यटकांसाठी तात्पुरत्या झोपड्या, स्वच्छतागृहे यांना वाट करून दिली. २०२० साली महाराष्ट्र शासनाने किनाऱ्यावर खाण्यापिण्याच्या अशा झोपड्या, ज्यांना शॅक म्हणतात, उभारण्याचे धोरण मंजूर केले. आरंभी निवडलेल्या आठ किनाऱ्यांत सिंधुदुर्गातील कुणकेश्वर आणि तारकर्ली यांची नावे होती, आणि स्थानिकांना त्यांत प्राधान्य ठेवले होते.

या धोरणावर आम्ही तोंडसुख घेणार नाही. मुंबईस जाऊन दहा बाय दहाच्या खोलीत राहण्यापेक्षा मालवणच्या तरुणाने स्वतःच्या गावात चार टेबले मांडून जगावे, हे केव्हाही चांगले. पर्यटनाने तेथे पक्की घरे आली, मुले शिकली, बायकांच्या हाती पैसा आला. हे नाकारणे म्हणजे दुसऱ्याच्या गरिबीवर आपली हौस भागविणे होय. आमचा प्रश्न एवढाच की, ती चार टेबले कुठे मांडावी? ती पुळणीच्या मध्यावर मांडली तर रापणीची रांग सरकणार कुठून? रापण थांबली की बांगडा थांबला. मग त्या टेबलावर परगावचाच मासा येणार, आणि ज्या मालवणी ताटासाठी पाहुणा शंभर कोस आला ते ताट त्याला त्याच्या शहरातल्या ताटाहून निराळे वाटेनासे होणार. म्हणजे पुळण गेली, ताट गेले, आणि काही वर्षांनी पाहुणाही गेला. दुभत्या गाईच्या गोठ्यात दूध विकण्याचे दुकान थाटून गाईलाच बाहेर बांधावे, तसा हा व्यवहार होईल.

याची उदाहरणे जगात नाहीत असे नाही. मॉरिशस बेटात एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही आहेत. त्या बेटाची किनाऱ्यालगतची पट्टी फ्रेंच अमदानीपासून सरकारी मालकीची. ती विकायची नाही असा मूळ संकेत. परंतु तिचे मोठमोठे तुकडे भाडेपट्ट्याने हॉटेले आणि बंगले यांकडे गेले, आणि आता आमच्यासाठी मोकळा किनारा ठेवा, अशी मागणी तेथील नागरिकांना संघटित होऊन करावी लागते. मालकी सरकारची आणि वापर गावाचा असे जेथे असते, तेथे वापराची नोंद वेळीच झाली नाही तर पुढे तिला कोणी विचारीत नाही.

उलट बाजूनेही एक धडा आहे. मालवणच्या समुद्रातील प्रवाळ आणि जलचर राखण्यासाठी १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. हेतू उत्तम, परंतु मच्छीमारांना वाटले की आपले पाणी आपल्याकडून गेले, आणि त्यांचा विरोध दीर्घकाळ टिकला. ज्यांच्या हाती दोर आहे त्यांना विश्वासात घेतल्यावाचून केलेले संरक्षणही तडीस जात नाही, हे यावरून दिसते. याउलट वायंगणी आणि तांबळडेग येथे गावच्या माणसांनीच कासवांची घरटी राखली, पिले समुद्रात सोडली. पूर्वी जी अंडी खाण्यासाठी उचलली जात, तीच आता राखली जातात, आणि ते पाहावयास पाहुणेही येतात. मात्र या कासवांना अंधार लागतो. वाळूवर रात्रभर दिवे आणि गाणी चालू राहिली तर मादी माघारी फिरते आणि पिले दिव्यांकडे चुकीच्या वाटेने जातात. ज्याची पुळण त्याची राखण, ही गोष्ट कासवांनाही लागू आहे.

दूरच्या माणसाची जीभ कुठवर पोहोचते याचे याहून चमत्कारिक उदाहरण वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर आहे. तेथील गुहांत पाकोळी नावाचे लहान पक्षी आपल्या लाळेने घरटी बांधतात. चीनमध्ये आणि आग्नेय आशियात अशा घरट्यांचे सार हे श्रीमंतांचे पक्वान्न. म्हणून या बेटांवरची घरटी चोरून नेण्याचे प्रकार घडले. वेंगुर्ल्याच्या माणसाने जे कधी चाखले नाही, त्यासाठी वेंगुर्ल्याची पाखरे बेघर होतात. हे ऐकून आपल्याला हसू येते किंवा राग येतो. परंतु विणीच्या हंगामात अंड्यांनी भरलेला मासा मागणारे आपण, त्या सार पिणाऱ्याहून फार वेगळे आहोत काय?

तेव्हा करावे काय? आमच्या सूचना साध्या आहेत. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाने ग्रामसभेत बसून आपल्या पुळणीचा नकाशा करावा: रापणीची जागा कोणती, होड्यांची कोणती, मासे वाळविण्याची कोणती, कासवांची कोणती, आणि उरेल ती जागा पाहुण्यांच्या खेळाची आणि खाण्याची. टेबले माडांच्या सावलीत, वाळूच्या मागे मांडावी. तेथून समुद्र काही कमी दिसत नाही. कचऱ्याची सोय आधी आणि झोपडीचा परवाना नंतर, असा क्रम ठेवावा. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचरा वेगवेगळा करण्याचे काम इतके नेटाने केले की, तो पाहण्यासाठी बाहेरगावचे लोक येतात. म्हणजे हे काम कोकणात होत नाही असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

आणि पाहुण्याने, म्हणजे आपण, काय करावे? जे त्या दिवशी मिळाले ते खावे. बांगडा, तारला, पेडवा मागून घ्यावा; तो स्वस्त म्हणून हलका नव्हे. जून-जुलैत गेलात तर कुळथाची पिठी आणि सुक्या मासळीची चव घ्यावी, मोठ्या माशाचा हट्ट धरू नये. रापण लागलेली दिसली तर फोटो काढण्यापूर्वी दोराला हात लावावा. जाळ्यावरून चालू नये, गाडी वाळूत घालू नये, बाटली वाळूत सोडू नये. समुद्रात उतरण्यापूर्वी गावच्या माणसाला विचारावे, आणि त्याने नको म्हटले तर उतरू नये. त्याला समुद्र कळतो, आपल्याला फक्त दिसतो. घरगुती खानावळीत जेवलात तर पानात टाकू नये आणि भाव करू नये.

या सूचना पाळावयास कायदा लागत नाही, समिती लागत नाही. शहरातल्या माणसाच्या हाती फारशी सत्ता नसते अशी आपली नेहमीची तक्रार असते. परंतु मालवणच्या बाबतीत ती खरी नाही. त्या १२१ किलोमीटरच्या किनाऱ्यावर उद्या कोणता मासा धरला जाईल, कोणते जाळे वापरात राहील आणि वाळूवर होडी उभी असेल की टेबल, याचा निम्मा निकाल आपण ताटावर बसून काय मागतो त्यावर लागतो. एवढी सत्ता आपल्या मताच्या पेटीतही क्वचितच असते. ती जपून वापरा, एवढीच विनंती.